पूर नदीला येतो, फ्लड जागेला

मराठीत पूर नदीला येतो. ओढ्याला येतो, नाल्यालाही येतो. घराला पूर आला असं आपण म्हणत नाही. घरात पाणी शिरतं, पाणी भरतं. इंग्रजीतला 'फ्लड' मात्र ज्या जागेवर पाणी आलं तिच्या बाजूने बघतो. एरवी कोरडी असलेली जागा पाण्याखाली गेली की ती 'फ्लडेड' झाली. पाणी नदीचं, समुद्राचं, पावसाचं की फुटलेल्या पाइपचं, हा नंतरचा प्रश्न. युरोपीय संघाने २००७ साली पुराच्या धोक्याबद्दल जो निर्देश काढला, त्यातली फ्लडची व्याख्या जवळपास एवढीच आहे: एरवी पाण्याखाली नसणारी जमीन तात्पुरती पाण्याने झाकली जाणं. नद्या, डोंगरी ओढे, समुद्र यांची नावं त्यापुढच्या वाक्यात येतात आणि सांडपाण्याच्या वाहिन्यांमुळे झालेला फ्लड वगळायची मुभाही तिथेच दिलेली आहे.

हा फरक डोक्यात बसला की शब्दाचे बाकीचे उपयोग वेगवेगळे पाठ करावे लागत नाहीत. इंजिन फ्लड होणं, बाजार फ्लड करणं, फ्लडलाइट, चित्रातला फ्लड फिल, सर्व्हरवरचा सिन फ्लड या सगळ्यांत काहीतरी येऊन एक जागा व्यापून टाकतं. शब्दकोशात समोर दिलेला 'पूर' हा शब्द यांपैकी बहुतेक ठिकाणी चालत नाही.

समजून घ्यायची सोपी वाट म्हणजे 'फ्लड'च्या शेजारी 'ओव्हरफ्लो' ठेवून बघणं. ओव्हरफ्लो भांड्याचा होतो, फ्लड भोवतालच्या जागेचा. सिंकच्या जाळीत कचरा अडकलाय, नळ चालू राहिलाय, पाणी काठापर्यंत चढलं आणि कडेवरून सांडायला लागलं. इथपर्यंत 'द सिंक इज ओव्हरफ्लोइंग'. तेच पाणी फरशीवर पसरलं, ओट्याखालच्या कपाटात गेलं, उंबऱ्याशी पोचलं, की 'द किचन इज फ्लडेड'. 'द सिंक फ्लडेड द किचन' हेही बरोबर, कारण झाकलं गेलं ते स्वयंपाकघरच. बेसिनच्या वरच्या कडेखाली एक छोटं भोक असतं, त्याचं इंग्रजी नावसुद्धा 'ओव्हरफ्लो'. कडेवरून पाणी सांडण्याआधी ते आतल्या आत निचऱ्याच्या पाइपात सोडायचं, एवढंच त्याचं काम. नळ पूर्ण सोडलेला असेल तर ते भोक पुरं पडेलच असं नाही, कारण बऱ्याच बेसिनमध्ये नळातून येणारं पाणी त्या भोकातून जाणाऱ्या पाण्यापेक्षा जास्त असतं.

आता व्याकरण. मराठी माणसाच्या इंग्रजीतली नेहमीची चूक म्हणजे 'पूर आला'चं शब्दशः 'फ्लड केम इन द रिव्हर'. इंग्रजीत असं म्हणत नाहीत. 'द रिव्हर फ्लडेड' म्हणजे नदी पात्र सोडून बाहेर पसरली. 'द रिव्हर इज इन फ्लड' म्हणजे नदी फुगून वाहते आहे. आपल्या 'नदीला पूर आलाय'च्या सगळ्यात जवळचं हेच. यात 'इन' आणि 'फ्लड'च्या मध्ये 'अ' किंवा 'द' येत नाही. 'इन द फ्लड' म्हटलं की 'त्या पुरात' असा अर्थ होतो: त्या पुरात पूल वाहून गेला. आपण दुथडी भरून वाहणाऱ्या नदीलाही पूर आला म्हणतो, पण जलविज्ञानाच्या इंग्रजीत काठोकाठ भरलेल्या स्थितीला 'बँकफुल' असा वेगळा शब्द आहे. पाणी काठ ओलांडून बाहेर पडलं की मग फ्लड.

क्रियापद दोन्ही तऱ्हांनी चालतं. पाणी तळघर फ्लड करतं आणि तळघर आपणहूनही फ्लड होतं: 'द बेसमेंट फ्लडेड'. वाक्याचा कर्ता तळघर असलं तरी चूक तळघराची नसते, म्हणून भाषांतरात 'तळघरात पाणी भरलं' असं फिरवून घ्यावं. 'फ्लडेड आउट' हा वेगळा प्रयोग आहे. त्यात माणसं कर्त्याच्या जागी येतात. 'द फॅमिली वॉज फ्लडेड आउट' म्हणजे पाणी शिरल्यामुळे त्या कुटुंबाला घर सोडावं लागलं. 'फ्लड' मोजता येतो: अ फ्लड, टू फ्लड्स. 'फ्लडिंग' मोजता येत नाही, त्यामुळे 'अ फ्लडिंग' चुकीचं. हवामानाच्या बातम्यांत 'फ्लडिंग' जास्त दिसतं, कारण तिथे एका घटनेपेक्षा ठिकठिकाणी पाणी साचण्याबद्दल सांगायचं असतं. ते 'सखल भागांत पाणी भरणं' असं मराठीत आणावं. 'पूरस्थिती' हा शब्द खरोखर नदी फुगलेली असेल तेव्हासाठी राखून ठेवलेला बरा.

या शब्दाचा अर्थ कुठे थांबतो याला विम्यात पैशांची किंमत आहे. अमेरिकेतल्या १९६८ च्या कायद्याने सुरू झालेल्या राष्ट्रीय पूरविमा योजनेत फ्लड ठरण्यासाठी, एरवी कोरडी असणारी दोन एकर किंवा जास्त जमीन, नाहीतर दोन किंवा जास्त मालमत्ता पाण्याखाली जावी लागते आणि त्यांपैकी किमान एक मालमत्ता विमाधारकाची असावी लागते. वरच्या मजल्यावरची टाकी फुटून एकाच घरात गुडघाभर पाणी साचलं, तर बोलीभाषेत तो फ्लड, त्या कागदावर नाही. ब्रिटिश विम्यात अशा घटनेला 'एस्केप ऑफ वॉटर' असं स्वतंत्र नाव आहे आणि फ्लडचं कलम वेगळं. पॉलिसीचं भाषांतर करणाऱ्याने दोन्हींना 'पुराचं पाणी' लिहिलं, तर वाचणाऱ्याचा दावाच चुकीच्या कलमाखाली जातो. म्हणून असा कागद हातात आला की आधी व्याख्यांचं पान काढायचं आणि पूर्ण मजकुरात प्रत्येक व्याख्येसाठी एकच मराठी शब्द धरून ठेवायचा.

उच्चार 'फ्लड'. 'ब्लड' आणि 'मड'शी यमक जुळतं. 'फ्लूड' म्हणू नये; तसं म्हटलं की ऐकणाऱ्याला 'फ्लुइड' म्हणजे द्रव ऐकू येतं. स्पेलिंगमधल्या दोन 'ओ'चा उच्चार 'अ' होणारे नेहमीच्या वापरातले शब्द दोनच, फ्लड आणि ब्लड. कारण इतिहासात आहे. जुन्या इंग्रजीत हा स्वर लांब 'ओ' होता, पुढे तो लांब 'ऊ' झाला. 'फूड', 'मूड' तिथेच थांबले. 'फ्लड', 'ब्लड'मधला स्वर लवकर आखूड झाला आणि नंतरच्या बदलात 'अ'पर्यंत गेला. 'गुड', 'स्टुड' उशिरा आखूड झाले, त्यामुळे ते 'उ'वर राहिले. फ्लड आणि फ्लुइड दिसायला भाऊ वाटतात, पण त्यांचं घराणं वेगळं आहे. फ्लुइड लॅटिनमधून आला. फ्लड मूळ जर्मानिक, 'फ्लो'चा सख्खा नातेवाईक, आणि त्यांच्याच लांबच्या कुळात संस्कृतातला 'प्लु' धातू धरतात. आप्लावन, जलप्लावित हे आपले शब्द त्या धातूचे.

जर्मन भाषेत याच शब्दाचं भावंड 'फ्लूट' म्हणजे पूर आणि भरतीसुद्धा. इंग्रजीतही भरतीचा अर्थ जुना आहे आणि दर्यावर्दी लोकांच्या भाषेत अजून जिवंत आहे. 'फ्लड' म्हणजे भरती, 'एब' म्हणजे ओहोटी. 'फ्लड टाइड' वाचून कुणी 'पुराची लाट' लिहिलं तर ते साफ चुकलं. समुद्र रोजच्यासारखा चढतो आहे, इतकंच ते सांगतं. दिवसातून दोनदा भरती येते अशा किनाऱ्यावर एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत साधारण १२ तास २५ मिनिटं जातात, म्हणजे चढायला सहा तासांहून थोडं जास्त. हे चढणं सारख्या वेगाने होत नाही. ढोबळ हिशेब असा: एकूण चढाचे बारा भाग करा, पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. भरती-ओहोटीतला फरक ६ मीटर असेल तर पहिल्या तासात पाणी अर्धा मीटरच चढतं, पण तिसऱ्या आणि चौथ्या तासात मिळून ३ मीटर. खडकांवर गेलेली माणसं अडकतात ती या मधल्या दोन तासांत. पहिला तास बघून त्यांनी अंदाज बांधलेला असतो.

सागरी नकाशावर फ्लडचा प्रवाह दाखवणाऱ्या बाणाला शेपटाकडे एका बाजूला पिसं काढलेली असतात. ओहोटीच्या बाणाला नसतात. खाडीच्या मुखात हा पिसांचा बाण जमिनीच्या दिशेने वळलेला दिसतो, म्हणजे नदीच्या वाहण्याच्या उलट. प्रवाह बदलायची वेळ आणि पाणी सगळ्यात उंच असण्याची वेळ एकच असेल असंही नाही. काही खाड्यांत पातळी उतरायला लागल्यावरही फ्लडचा प्रवाह काही वेळ आत येत राहतो. म्हणून 'हाय वॉटर' आणि 'एंड ऑफ फ्लड' हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरता येत नाहीत.

पुराच्या बातम्यांत सगळ्यात जास्त घोटाळा 'हंड्रेड-इयर फ्लड' करतो. 'शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर' असं लिहिलं की वाचणाऱ्याला वाटतं, आता आला म्हणजे पुढची पिढी सुटली. मूळ अर्थ वेगळा: एवढा किंवा याहून मोठा पूर कुठल्याही एका वर्षात येण्याची शक्यता १ टक्का. पुढच्या वर्षी ती पुन्हा १ टक्काच. हिशेब करून बघा. एका वर्षात न येण्याची शक्यता ०.९९, तीस वर्षं एकदाही न येण्याची शक्यता ०.९९ चा तिसावा घात, म्हणजे ०.७४. तीस वर्षांच्या गृहकर्जाच्या मुदतीत असा पूर किमान एकदा येण्याची शक्यता २६ टक्के झाली. शंभर वर्षांत ती ६३ टक्के होते, शंभर नाही. मराठीत 'वार्षिक १ टक्का शक्यतेचा पूर' लिहिलं तर वाक्य थोडं जड होतं, पण खरं राहतं. मी तरी जडच वाक्य निवडेन.

'फ्लॅश फ्लड'ला 'ढगफुटी' म्हणणं हीसुद्धा चूकच. ढगफुटी पावसाची असते; भारतीय हवामान खात्याच्या मोजमापात एका ठिकाणी तासाभरात १० सेंटिमीटर किंवा जास्त पाऊस म्हणजे ढगफुटी. फ्लॅश फ्लड हा जमिनीवरचा परिणाम आहे. अमेरिकेच्या हवामान सेवेच्या वापरात, कारण घडल्यापासून साधारण सहा तासांच्या आत चढलेला पूर तो फ्लॅश फ्लड, आणि कारण बांध फुटण्याचंही असू शकतं. तिथल्या इशाऱ्यांत 'फ्लड वॉच' आणि 'फ्लड वॉर्निंग' असे दोन शब्द येतात. वॉच म्हणजे पूर यायला पोषक परिस्थिती आहे, तयारीत राहा. वॉर्निंग म्हणजे पूर आलाय किंवा येण्याच्या बेतात आहे, आत्ता हला. दोन्हींना 'इशारा' लिहिलं की नेमकी घाईची बातमी मऊ पडते. वॉचला 'सावधगिरीची सूचना' आणि वॉर्निंगला 'धोक्याचा इशारा' असे दोन शब्द ठरवून घ्यावेत.

आता इंजिन. 'द इंजिन इज फ्लडेड' यात पाण्याचा काही संबंध नाही. सिलिंडरमध्ये गरजेपेक्षा जास्त पेट्रोल आलंय आणि स्पार्क प्लग ओला झालाय. पेट्रोल नीट जळायला वजनाने साधारण १ भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा लागते. थंड इंजिन चालू करताना चोक ओढून, म्हणजे हवेची वाट अरुंद करून, मिश्रण मुद्दाम दाट करतात. चोक ओढूनही गाडी पकडत नाही, म्हणून पुन्हा पुन्हा स्टार्टर मारला, वर अॅक्सिलरेटर पंप केला, की वाफ न झालेलं पेट्रोल प्लगच्या टोकावर बसतं. मग ठिणगी फटीतून उडी मारण्याऐवजी ओल्या पृष्ठभागावरून निसटते. स्टार्टर जोमाने फिरतोय, पेट्रोलचा उग्र वास येतोय आणि इंजिन पकडत नाही, ही खूण.

कार्बुरेटरच्या गाडीत उपाय असा. ओढलेला चोक परत आत ढकलायचा. अॅक्सिलरेटर पूर्ण उघडून तसाच धरायचा, पंप करायचा नाही, कारण प्रत्येक दाबाला कार्बुरेटरचा अॅक्सिलरेटर पंप आणखी पेट्रोल आत फवारतो. स्टार्टर पाच ते दहा सेकंद मारायचा, मध्ये थांबायचं, नाहीतर स्टार्टरची मोटर तापते. पकडलं नाही तर दहा-पंधरा मिनिटं गाडी तशीच सोडायची; पेट्रोल उडून जातं. तरीही नाही, तर प्लग काढून पुसून कोरडा करायचा आणि प्लग बाहेर असताना, इग्निशनची जोडणी तोडून, इंजिन दोन-चार वेळा फिरवायचं म्हणजे आतलं पेट्रोल बाहेर पडतं. इग्निशन तोडणं विसरलं तर बाहेर उडालेल्या वाफेला ठिणगी मिळून आग लागू शकते. फ्युएल इंजेक्शनच्या बऱ्याच गाड्यांत पेडल तळापर्यंत दाबून स्टार्टर मारला की नियंत्रक इंजेक्टर बंद ठेवतो आणि नुसती हवा आत जाते. याला 'क्लिअर फ्लड मोड' म्हणतात.

इथेही ओव्हरफ्लो वेगळा आहे. कार्बुरेटरच्या वाटीत पेट्रोलची पातळी राखणाऱ्या फ्लोटच्या (तरंगत्या भागाच्या) सुईखाली कचरा अडकला की वाटीत पेट्रोल चढत राहतं आणि ओव्हरफ्लोच्या नळीतून खाली ठिबकतं. तो वाटीचा ओव्हरफ्लो. तेच पेट्रोल सिलिंडरमध्ये उतरलं तर फ्लड. दुरुस्ती दोन ठिकाणची आहे. नुसता प्लग पुसून सुई तशीच सोडली तर तासाभराने तोच प्रकार पुन्हा होतो.

खरा धोका 'फ्लडेड कार' या शब्दात आहे, कारण त्याचा दुसरा अर्थ पाण्यात बुडालेली गाडी असा होतो आणि उपाय अगदी उलटा असतो. पेट्रोलने फ्लड झालेलं इंजिन फिरवून मोकळं करायचं असतं. पाण्यात राहिलेल्या गाडीचा स्टार्टर एकदाही मारायचा नसतो. पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना पिस्टन वर आला की त्याला जागाच मिळत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी बॅटरीची ऋण बाजू सोडवायची, ऑइलची कांडी काढून बघायची. ऑइल दुधाळ दिसलं तर त्यात पाणी गेलंय. ऑइल आणि फिल्टर बदलल्याशिवाय पुढे जायचं नाही. मग प्लग काढून पाणी बाहेर काढायचं. म्हणून दुरुस्तीच्या माहितीचं भाषांतर करताना 'फ्लडेड' दिसला की वाक्याच्या आजूबाजूला चोक, प्लग, वास हे शब्द आहेत की पाण्याची पातळी, चिखल, सीट, हे पाहिल्याशिवाय लिहू नये.

प्रकाशाकडे वळू. 'फ्लडलाइट' प्रकाश रुंद पसरवतो, जागा भरून टाकतो. 'स्पॉटलाइट' एका ठिकाणी टाकतो. रंगमंचावरच्या फ्रेनेल, म्हणजे पुढे खाचांचं भिंग असलेल्या, दिव्यात दोन्ही एकाच यंत्रात असतात. दिव्याच्या खाली किंवा मागे एक खुंटी असते. तिने आतला बल्ब भिंगाच्या जवळ सरकवला की झोत रुंद होतो, म्हणजे फ्लड, आणि मागे नेला की झोत आवळतो, म्हणजे स्पॉट. बाहेरच्या फ्लडलाइटांसाठी अमेरिकेत झोताच्या कोनावरून सात प्रकार धरतात: पहिला १० ते १८ अंशांचा, सातवा १३० अंशांच्या वरचा. उंच खांबावरून लांबचं मैदान उजळायचं तर लहान आकड्याचा दिवा, जवळची रुंद भिंत उजळायची तर मोठ्या आकड्याचा. उलटं केलं की मैदानावर प्रकाश पोचायच्या आधीच विरतो किंवा भिंतीवर मध्येच एक पांढरा ठिपका पडून कडा काळ्या राहतात. 'फ्लडलाइट'चं क्रियापद होताना भूतकाळ 'फ्लडलिट'. वर्तमानपत्रं रात्रीच्या सामन्याला 'प्रकाशझोतातला सामना' म्हणतात. रूढ झालंय, चालू द्यावं. पण झोत हा शब्द स्पॉटलाइटला जास्त शोभतो.

संगणकात 'फ्लड फिल' म्हणजे चित्रकलेच्या प्रोग्रॅममधली रंगाची बादली. एका ठिपक्यावर क्लिक केलं की त्या रंगाचे शेजारी, त्यांचे शेजारी असं करत कुंपण लागेपर्यंत रंग पसरतो. शेजारी चार धरायचे की आठ, यावर निकाल बदलतो. एका पिक्सेलची तिरकी रेघ, जिचे ठिपके फक्त कोपऱ्यांना टेकलेत, चार शेजाऱ्यांच्या भरणीला अडवते. आठ शेजाऱ्यांची भरणी कोपऱ्यातून पलीकडे गळते. रेघेच्या कडेला करडी किनार उरते ती कडा मऊ करण्यासाठी घातलेल्या मधल्या छटांमुळे. टॉलरन्स (किती वेगळी छटा तोच रंग धरायची ती मर्यादा) थोडा वाढवला की किनार जाते, फार वाढवला की रंग रेघ ओलांडतो. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने फंक्शन स्वतःलाच बोलावत राहील असं लिहिलं, तर हजार बाय हजारच्या चित्रात दहा लाख ठिपक्यांपर्यंत खोली जाऊ शकते आणि स्टॅक, म्हणजे अर्धवट राहिलेल्या कामांच्या नोंदी ठेवायची मेमरीतली मर्यादित जागा, ओव्हरफ्लो होतो. शब्द बघा: चित्र फ्लड होतं, स्टॅक ओव्हरफ्लो होतो, कारण स्टॅक हे भांडं आहे. ठिपक्यांची यादी रांगेत ठेवून एकेक काढत गेलं की ही अडचण येत नाही.

नेटवर्कमध्ये फ्लडिंग ही चांगली आणि वाईट दोन्ही गोष्ट आहे. स्विचला, म्हणजे संगणक एकमेकांना जोडणाऱ्या पेटीला, पत्ता माहीत नसेल तर तो आलेली फ्रेम (माहितीचा तुकडा) ती ज्या पोर्टावर आली तो सोडून बाकी सगळ्या पोर्टांवर पाठवतो. हे ठरलेलं काम. पण दोन स्विचमध्ये चुकून दोन तारा जोडल्या गेल्या आणि अशी वर्तुळं तोडणारी 'स्पॅनिंग ट्री' ही सोय बंद असली, की त्याच फ्रेम गोल फिरत राहतात आणि नेटवर्क बसतं. 'सिन फ्लड' हा हल्ला. सर्व्हरशी जोडणी तीन पावलांत होते: सिन (जोडणीची विनंती), सिन-अॅक (सर्व्हरचं उत्तर), अॅक (त्या उत्तराची पोच). हल्लेखोर पहिलं पाऊल टाकत राहतो, तिसरं कधीच टाकत नाही, आणि अर्धवट जोडण्यांनी सर्व्हरची यादी भरून जाते. 'सिन कुकी'च्या पद्धतीत सर्व्हर तिसरं पाऊल येईपर्यंत काही साठवूनच ठेवत नाही. याला मराठीत 'पूर' म्हणण्यात अर्थ नाही. 'सिन फ्लड'च लिहावं आणि काय होतं ते एका वाक्यात सांगावं.

काही वापर भरभर. 'फ्लडेड बॅटरी' म्हणजे जिच्या प्लेटा द्रव अॅसिडमध्ये बुडालेल्या असतात अशी लेड-अॅसिड बॅटरी; पुरात भिजलेली नव्हे. तिच्यात डिस्टिल्ड वॉटरच घालायचं आणि प्लेटा उघड्या पडल्या नसतील तर चार्ज झाल्यानंतर घालायचं, कारण चार्ज होताना पातळी चढते आणि आधी काठोकाठ भरलं तर अॅसिड बाहेर येतं. 'फ्लड इरिगेशन'ला शेतीच्या मराठीत 'मोकाट सिंचन' हा नेमका शब्द आहे. पाणबुडीत 'फ्लड द टँक्स' हा बुडी मारायचा हुकूम, टाक्यांत पाणी घ्या असा. जहाज एका कुशीवर कललं तर दुसऱ्या बाजूच्या कप्प्यात मुद्दाम पाणी घेतात, ते 'काउंटर-फ्लडिंग'. 'फ्लड बसाल्ट' म्हणजे ज्वालामुखीच्या भेगांतून पसरलेले लाव्ह्याचे अफाट थर. सायबेरियातले सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वीचे, दख्खनचे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे. मानसोपचारात 'फ्लडिंग' म्हणजे भीती वाटणाऱ्या गोष्टीला एकदम, पूर्ण तीव्रतेने सामोरं नेण्याची पद्धत. हळूहळू पायऱ्या चढवण्याच्या पद्धतीच्या नेमकी उलट, आणि प्रशिक्षित माणसाच्या देखरेखीशिवाय करायची नाही. मोठ्या अक्षराने सुरू होणारा 'द फ्लड' म्हणजे बायबलमधला नोहाच्या काळचा जलप्रलय. तिथे 'पूर' फारच तोकडा पडतो.

लाक्षणिक वापरात 'फ्लड' जे येतं त्याचं प्रमाण सांगतो, 'टॉरेन्ट' वेग आणि जोर, 'स्पेट' एकामागून एक येणं. 'अ स्पेट ऑफ बर्गलरीज' म्हणजे घरफोड्यांचं सत्र. तिथे महापूर लिहिला तर बातमी फुगते. 'फ्लडेड विथ कॉल्स'ला 'फोनवर फोन', 'फ्लड द मार्केट'ला 'बाजारात माल ओतला', 'मेमरीज केम फ्लडिंग बॅक'ला 'आठवणी दाटून आल्या'. 'इन फ्लड्स ऑफ टिअर्स' या ब्रिटिश प्रयोगात अनेकवचनच येतं. मराठीत 'धाय मोकलून'. 'इन फुल फ्लड' माणसाबद्दल असेल तर तो बोलण्याच्या ऐन भरात आहे. 'फ्लड ऑफ मायग्रंट्स' मात्र जसंच्या तसं आणू नये, आणि त्याजागी 'लोंढा'ही नको. लोंढा हा पाण्याचाच शब्द आहे आणि माणसांना आपत्ती ठरवतो. किती माणसं आली तो आकडा लिहिला की काम होतं.

राहिले जवळचे शब्द. 'इनंडेट' औपचारिक, धरणाच्या किंवा नकाशाच्या कागदात 'इनंडेशन' आलं तर 'बुडीत' किंवा 'पाण्याखाली जाणं'. 'सबमर्ज' म्हणजे पूर्ण पाण्याखाली. फ्लडेड रस्त्यावर घोटाभर पाणी असू शकतं, सबमर्ज्ड रस्ता दिसतच नाही. 'स्वॉम्प्ड' होडीबद्दल असेल तर पाण्याने भरलेली, माणसाबद्दल असेल तर कामाने. आणि 'वॉटरलॉगिंग'. भारतातली इंग्रजी वर्तमानपत्रं रस्त्यावर तुंबलेल्या पाण्याला हा शब्द वापरतात, पण ब्रिटन-अमेरिकेच्या वाचकाला त्यातून पाणी मुरून चिंब झालेली माती किंवा खेळाचं मैदान डोळ्यांपुढे येतं. तिकडच्या वाचकासाठी लिहायचं असेल तर 'रस्त्यावर पाणी तुंबलं'चं 'स्ट्रीट फ्लडिंग' करावं, आणि शेतात पाणी साचून मुळं कुजत असतील तेव्हा 'वॉटरलॉग्ड' लिहावं.